कुत्र्याच्या कसरतीसाठी ठेव मोडावी का?

यावल तालुक्यातील एका शिक्षिका ताईंचा प्रश्न असा आहे. त्यांच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरचे वजन ४१ किलो झाले असून ते ३२ किलोपर्यंत उतरवावे, असे पशुवैद्यकांनी सांगितले आहे. त्यासाठी बोगदा, चार उड्या, मधून नागमोडी पळायचे बारा खांब, ए-फ्रेम (दोन तिरक्या फळ्यांचा चढ-उतार), सी-सॉ आणि उंच फळी असा अडथळ्यांचा संच त्यांना ५८,००० रुपयांना मिळतो आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपणारी एक लाखाची ठेव आताच मोडावी, की क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचे ‘नो कॉस्ट’ हप्ते घ्यावेत, असे त्या विचारतात. घरात त्यांचा पगार नियमित येतो. यजमानांचे उत्पन्न मात्र चार एकर केळीवर आहे.

ताई, आधी ठेवीचा हिशेब पाहू. आपली ठेव वर्षाला ७ टक्क्यांची असून तिचे सात महिने झाले आहेत. आज मोडल्यास बँक सात महिन्यांचा ६ टक्के दर धरून त्यातून १ टक्का दंड कापेल, म्हणजे ५ टक्क्यांनी सुमारे २,९०० रुपये व्याज हाती पडेल, आणि उरलेले ४२,००० बचत खात्यात पडून राहतील. त्याऐवजी ठेवीवरच ८ टक्क्यांनी ५८,००० रुपये कर्ज घेतले, तर पाच महिन्यांचे व्याज साधारण १,९०० रुपये होईल आणि ठेवीचे पूर्ण ७,००० रुपये व्याजही मिळेल. पडून राहिलेल्या पैशांवरचे बचत खात्याचे व्याज धरूनही दोन्ही मार्गांत सतराशे रुपयांच्या आसपास फरक पडतो, तोही कर्जाच्या बाजूने. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, शिवाय रोखीने घेतल्यास मिळणारी सूटही जाते. म्हणून तो पर्याय मी बाजूला ठेवतो.

मात्र माझी खरी हरकत वेगळी आहे. जूनमध्ये हाती येणारी ही रक्कम मोकळी नाही. मृगबागेची, म्हणजे पावसाच्या तोंडावर लावायच्या केळीची लागवड त्याच सुमारास येते. टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे, बेसल डोस म्हणजे लागवडीच्या वेळचे खत, मजुरी हे सगळे एकदम अंगावर येते, आणि त्याआधीच्या मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होण्याची भीती आपल्या भागात कोणाला वेगळी सांगावी लागत नाही. कर्ज घेतले तर जूनमध्ये बँक ते वळते करून घेईल आणि लागवडीच्या तोंडावर हातात लाखाऐवजी सुमारे सत्तेचाळीस हजारच उरतील. त्यामुळे ठेव मोडूही नये आणि तिच्यावर कर्जही काढू नये.

दुसरी गोष्ट खुद्द संचाची. अडथळ्यांचा हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या श्वान-प्रदर्शनात, घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतींवरून बेतून, मधल्या वेळेच्या करमणुकीसाठी प्रथम सादर झाला. म्हणजे ही साधने मुळात तंदुरुस्त कुत्र्यांच्या चपळाईसाठी घडली. जाड कुत्र्याला बारीक करण्यासाठी नव्हेत. ४१ किलोचा कुत्रा उडीवरून उतरतो तेव्हा सगळा भार पुढचे पाय आणि खांदे झेलतात, आणि ए-फ्रेमच्या उतारावरही तेच घडते. आपण पाठवलेल्या दरपत्रकात ए-फ्रेम, सी-सॉ आणि उंच फळी या तिघांचेच ३७,००० रुपये आहेत. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश पैसा अशा वस्तूंवर जाणार, ज्या त्याने निदान पुढचे सहा महिने वापरू नयेत. वजन मुख्यतः ताटातून उतरते, आणि वाटी मोजून घालायला पैसे लागत नाहीत.

आता ज्याचा उपयोग आहे ते. जमिनीवर समांतर टाकलेल्या दांड्यांवरून सावकाश चालवणे हा सुरुवातीचा उत्तम व्यायाम आहे. दोन दांड्यांत कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीइतके, म्हणजे लॅब्रॅडॉरसाठी सुमारे ५५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. आधी दांड्या जमिनीला टेकलेल्या असाव्यात, नंतर पुढच्या पायाच्या मनगटाच्या वर जाऊ नयेत. त्या बांधून टाकू नयेत, पाय लागताच घरंगळल्या पाहिजेत. पहिल्या दिवशी तो चार दांड्यांपैकी तीन पाडेल. आठवड्याभरात मागचा पाय मुद्दाम उचलून ठेवू लागेल, आणि तेच पाहायचे आहे. केळीबाग असलेल्या घरी पीव्हीसी पाइपचे तुकडे शोधायला दुकानात जावे लागत नाही. बारा खांबही त्याच पाइपांतून उभे राहतील, स्पर्धेत त्यांच्यात ६० सेंटीमीटर अंतर असते. पण वळणांचा तो व्यायाम कणा पिळवटणारा असल्याने वजन उतरेपर्यंत थांबावे.

शेजारच्या कुत्र्यांना हा संच वापरू देऊन, त्यांच्या मालकांकडून शुल्क घेऊन पैसे वसूल करण्याचा आपला विचार मला पटला नाही. खेपेला १०० रुपये धरले तरी ५८० खेपा लागतील, आणि मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत सकाळी सातनंतर आपल्या उन्हात, तापलेल्या मातीवर कुत्रा पळवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. एखाद्या पाहुण्या कुत्र्याचा पाय मोडला तर भरपाई कोण देणार, हेही ठरलेले नाही.

तेव्हा या महिन्यात पगारातून पशुवैद्यकांची सांध्यांची तपासणी करून घ्यावी आणि फक्त बोगदा विकत घ्यावा. जो ४,८०० रुपयांचा हप्ता आपण कार्डाला द्यायला तयार होता, तोच आठ महिन्यांच्या आवर्ती ठेवीत टाकावा; व्याज सोडूनही ३८,४०० रुपये जमतील. तोवर दांड्यांवरचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस खरोखर झाला आणि वजनकाटा ३५ च्या खाली आला, तर ए-फ्रेमचा विषय पुन्हा काढू. बोगदा घेताना ६० सेंटीमीटर व्यासाचा, जाड कापडाचा मागावा. मुलांच्या खेळातला पातळ बोगदा नखांनी फाटतो. त्याला दाबून ठेवणाऱ्या पिशव्यांचे पैसे दुकानदार वेगळे लावत असेल तर त्या घेऊ नयेत, खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून काम भागते.