‘हे आमचे नाना न्हय’

ताई,
माझं वय ३४, ठाण्यात बँकेत नोकरी. मे महिन्यात गावच्या घराची वास्तुशांत आहे, सगळे चुलत-आत्ये जमणार. त्या निमित्ताने घराण्याची छोटी पुस्तिका काढायची असं मी ठरवलं, चाळीस प्रती. आजोबांबद्दल (आम्ही नाना म्हणतो) मला जेमतेम चार ओळी माहीत होत्या: जन्म मालवणजवळचा, १९२९ चा. १९४८ मध्ये मुंबईत आले, गिरणीत साच्यावर (मागावर) होते, संपानंतर गावी गेले, १९९१ ला वारले. त्या चार ओळी मी एआयला दिल्या आणि तीन पानं आली. इतकी सुंदर की पप्पा वाचून रडले. फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर तर हात जोडलेल्यांची रांग लागली. मग गावाहून आत्याचा फोन आला. म्हणाली, “बरां लिवलंस गो. पण हे आमचे नाना न्हय.” नाना कोकण रेल्वेने मुंबईला आले असं त्यात होतं, ते तिने हसून दुरुस्त केलं, बोटीने आले म्हणाली. पण ‘संपाच्या काळात नानांनी हिमतीने कुटुंबाला सावरलं’ या वाक्यावर ती गप्प झाली. म्हणाली, नाना वर्षभर खळ्यात (घरासमोरच्या अंगणात) बसून असत, कुणाशी बोलत नसत, घर आजीने काजू विकून चालवलं. “ता लिवू नको. पण खोटांय लिवू नको.” तिच्याकडे बिस्किटांच्या डब्यात नानांच्या मनीऑर्डरचे तुकडे आहेत, त्यातला एक तिने वाचून दाखवला: “रु. ३० पाठविले. कौले घालून घेणे. ताप उतरला.” रेल्वे मी काढली. बाकीचं राहू दे, कुणाला कळणार आहे, असं पप्पा म्हणतात. पंधरा दिवसांत छपाईला द्यायचंय. मी फसवणूक केली का?
– नातीण, ठाणे

बाळ,
फसवणूक हा शब्द मागे घे. ज्याच्याबद्दल आजवर कुणी ओळ लिहिली नव्हती त्याच्याबद्दल तू लिहायला बसलीस, हे आधी मान्य करू या. पण आत्या म्हणाली ते खरं आहे. तू नानांबद्दल लिहिलं नाहीस, एका गिरणी कामगाराबद्दल लिहिलंस. ती तीन पानं पुन्हा काढ आणि नानांच्या नावाच्या जागी शेजारच्या कुणाच्या आजोबांचं नाव घाल. भोंगा, चाळ, घामाने भिजलेला सदरा, चेहऱ्यावरचं समाधान, सगळं तसंच चालून जाईल. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. तुझी पानं त्या अडीच लाखांतल्या कुणालाही बसतील.

यात त्या यंत्राचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याने नानांना पाहिलंय कुठे? गिरणी कामगारांविषयी लोकांनी आजवर जे लिहिलं, त्यात कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो एवढं ते जाणतं. त्यामुळे संभवनीय आजोबा त्याला बरोबर जमतात. कष्टाळू, मूकपणे सोसणारे, संकटात खंबीर. तू चार ओळी दिल्यास आणि मोकळी जागा ठेवलीस, त्याने ती भरली. ‘इथे मला माहीत नाही’ असं ते आपणहून क्वचितच म्हणतं.

रेल्वेची चूक तर साधी. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती २६ जानेवारी १९९८ ला, तेव्हा नाना जाऊन सात वर्षं झाली होती. असल्या चुका तारखेवरून सापडतात. आणखी एक शोध: त्या मजकुरात ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यात जन्म’ असं आहे का? मला वाटतं असणारच. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. नाना जन्मले रत्नागिरी जिल्ह्यात, आणि त्यांच्या जुन्या कागदांवर तसंच लिहिलेलं असेल. उद्या कुणी पुतण्या दाखला शोधायला निघाला तर तुझी पुस्तिका हातात घेऊन निघेल, म्हणून हे सांगते.

‘हिमतीने सावरलं’ हे मात्र कुठल्याही तारखेवरून पकडता येत नाही. त्या एका वाक्याने आजीचं वर्ष नानांच्या नावावर चढवलं. काजू तिने विकले आणि श्रेय खळ्यात बसलेल्या माणसाला गेलं. पुस्तिकेत यातलं काही बदलायचं राहून गेलं तरी चालेल, हे वाक्य मात्र काढच.

यंत्रावर सगळं ढकलू नये म्हणून एक कबुली देते. माझे वडील गेले तेव्हा श्रद्धांजलीचा मजकूर मीच लिहिला, स्वतःच्या हाताने, फाउंटन पेनने. त्यात ‘अजातशत्रू’ लिहिलं. आमच्या वडिलांनी विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावावर अकरा वर्षं दावा चालवला होता. तेराव्याला काका आले, भिंतीवरचा मजकूर वाचला आणि जिलबी हातात घेऊन इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हा आजोबा-वडिलांना गुळगुळीत करायची खोड आपली जुनीच आहे. यंत्र ती आपल्याकडूनच शिकलंय, फक्त त्याला काका नाहीत.

तुला मात्र आत्या आहे. आमच्या घरच्या जुन्या वंशावळीत मुलग्यांची नावं, हुद्दे, इनामं सगळं आहे आणि माझ्या आजीच्या पिढीच्या जागी नुसतं ‘कन्या ३’. तुमच्याकडे तशी वंशावळ असती तर तुझी आत्याही त्या आकड्यात गेली असती. त्या वर्षी नानांना गावी जवळून पाहिलेलं आज हयात माणूस तेवढं एकच असावं, आणि तुझ्या तीन पानांत तिचं नाव आहे का, बघ.

तर छपाई थांबव. वास्तुशांत मे महिन्यात आहे, चाळीस प्रती म्हणजे झेरॉक्सवाल्याचं दोन दिवसांचं काम. त्याआधी एक शनिवार-रविवार गावी जा. आत्यासमोर बसून ‘नाना कसे होते?’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर ‘फार चांगले होते’ एवढंच येतं, आणि ते यंत्रही देतं. वस्तूंबद्दल विचार. मुंबईत एका खोलीत किती माणसं राहायची, नाना खानावळीत जेवायचे की कुणाच्या घरी. गावी आले की ट्रंकेतून काय निघायचं. १९४८ मध्ये बोटीत बसले, तर ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला बुडून सहाशेवर माणसं गेली होती, त्याला फार दिवस झाले नव्हते. पणजीने काही म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर लिही. आत्याला आठवत नसेल तर ‘पणजीच्या डोळ्यांत पाणी तरळलं’ हे वाक्य कुणाकडूनही घेऊ नकोस, यंत्राकडून नाही आणि स्वतःकडूनही नाही.

आणि तो डबा. मनीऑर्डरच्या त्या चिठोऱ्यावर दोन ओळींपुरती जागा असायची, त्यात माणसं घर चालवायची. ‘ताप उतरला.’ कुणाचा ताप? नानांचा असेल तर ते गावच्या माणसांना निर्धास्त करतायत. गावातल्या कुणाचा असेल तर पत्रातून कळलेली बातमी मिळाली असं कळवतायत. कदाचित तो ताप आत्याचाच असेल, ती तेव्हा लहान असेल तर. विचार तिला. तुझ्या तीन पानांत ‘नानांचं कुटुंबावर निरतिशय प्रेम होतं’ असं काहीतरी असणार. ते काढ आणि त्या जागी या चिठोऱ्याचा फोटो छाप.

बाकीचे कागद बघितलेस का? गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख मिळू शकेल. प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, गिरणीचा पास कुणी जपला असेल तर तो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज केला असेल तर पप्पांच्या कपाटात त्याची फाइल असेलच, त्यात नोकरीचे पुरावे जोडलेले असतात.

पप्पांचं नाजूक आहे. त्यांचे अश्रू खोटे नव्हते. आपल्या बापाला कुणीतरी मोठं म्हणावं, याची वाट माणूस सत्तराव्या वर्षीही बघत असतो. शिवाय संपाच्या वर्षी ते विशी-पंचविशीत असतील. नाना खळ्यात बसलेले असताना ते कुठे होते, पैसे पाठवत होते का, गावी जायला धजत होते का, हे कुणी त्यांना विचारलंय? ‘राहू दे’ म्हणणाऱ्या माणसाला त्या वर्षाबद्दल बरंच माहीत असतं, असा माझा अनुभव आहे. एखाद्या संध्याकाळी गाडीत शेजारी बसल्यावर विचार, समोरासमोर नको. नाही बोलले तर सोड.

मग लिहायचं काय? आत्याने दोन्ही बाजूंनी बांध घातलाय: ते लिहू नको, खोटंही लिहू नको. त्या मधल्या वाटेने दोन वाक्यं जातात. ‘संपानंतर नाना गावी परतले. त्या वर्षी घर आजीने चालवलं.’ यात काही उघडं पडत नाही आणि जाणत्याला सगळं कळतं. छापण्याआधी ही वाक्यं आत्याला फोनवर वाचून दाखव. नको म्हणाली तर फक्त पहिलं ठेव, पण आजीच्या पानावर काजूचा उल्लेख येऊ दे.

यंत्राला घराबाहेर काढ असं मी म्हणत नाही. आत्याचं बोलणं रेकॉर्ड केलंस तर उतरवून घ्यायला, सनावळी ओळीने लावायला, शुद्धलेखन तपासायला त्याची मदत घे. ‘मी दिलंय त्यात एका शब्दाचीही भर घालू नकोस’ असं बजाव आणि तरीही रेकॉर्डिंग ऐकत ओळ न् ओळ ताडून बघ. मालवणीचं ते चाचपडत प्रमाण मराठी करेल, तेव्हा तर हटकून बघ. आत्याची वाक्यं मालवणीतच राहू देत. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कोणी काय सांगितलं, कोणता मजकूर कसा तयार झाला, हे चार ओळींत लिही.

ग्रुपवर आजच टाक: “नानांवरचा मजकूर मी एआयकडून लिहून घेतला होता, त्यात बरंच आपलं नाही. आत्याशी बोलून नवा लिहितेय. कुणाकडे नानांचं पत्र, फोटो, काही असेल तर पाठवा.” हात जोडणारे पुन्हा हात जोडतील, पण एखादा चुलतभाऊ ट्रंक उघडेल. तीन पानांचं एक पान झालं तर होऊ दे.

जाताना आत्यासाठी चष्म्याचा नंबर विचारून घे, चिठोऱ्यांवरची शाई फिकी झाली असेल. आणि चार्जरबरोबर पॉवर बँकही ने, तिकडे लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही.

– ताई