मराठी माध्यमातल्या मुलीला फ्रेंच झेपेल का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावी झाली. शाळा कुडाळची, मराठी माध्यमाची. गणित-विज्ञान तेवढं सेमी इंग्रजीतून. आता पुण्यात मावशीकडे राहून अकरावी कॉमर्स करणार आहे. दुसऱ्या भाषेसाठी तिला फ्रेंच घ्यायचंय. मैत्रिणी म्हणतात, फ्रेंच स्कोअरिंग आहे. कॅनडातला मामेभाऊ म्हणतो, फ्रेंच आलं की पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, लवकर मिळतो. तिच्या वडिलांचं म्हणणं, इंग्रजी बोलतानाच अडखळते, त्यात आणखी एक परकी भाषा कशाला? फ्रेंच खरंच किती अवघड असतं?

उत्तर : ताई, नमस्कार. तुमच्या घरात चर्चा एकच चाललीय असं वाटतं, पण तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर बारावीचा पेपर आहे, मामेभावाच्या डोळ्यांसमोर कॅनडाचा अर्ज, आणि वडिलांना भीती आहे ती व्याकरणाची आणि पोरीच्या इंग्रजीची. वडिलांची भीती आधी काढून टाकते, कारण ती सगळ्यात कमी खरी आहे.

फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, हे ऐकून इंग्रजीत वाढलेली मुलं हैराण होतात. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, फ्रेंचमध्ये दोनच. कुठली वस्तू कुठल्या लिंगाची हे पाठ करावं लागतंच. टेबल तिकडे स्त्रीलिंगी आहे. पण नामाबरोबर विशेषण बदलतं, हे मराठी मुलीला समजावून सांगायला लागत नाही. मोठ्यांना 'व्हू' आणि मित्रांना 'त्यू' हेही आपलं तुम्ही आणि तूच. भूतकाळ तर आणखी गमतीचा. 'आई निघाली' असं आपण म्हणतो, पण 'आई आंबा खाल्ली' म्हणत नाही, 'आईने आंबा खाल्ला' म्हणतो. फ्रेंचमध्येही जाणं, येणं, निघणं यांसारख्या क्रियापदांचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. खाणं, बघणं यांचं कर्ता बाई आहे म्हणून बदलत नाही. त्यासाठी दोन वेगळी साहाय्यक क्रियापदं आहेत. जुळणी तंतोतंत नाही, पण जाणं-येणंसारख्या क्रियापदांच्या ज्या यादीवर इंग्रजी माध्यमाची मुलं रडतात, ती आपल्या मुलांना निदान ओळखीची वाटते.

इंग्रजी कच्चं असल्याचा थोडा तोटा होईल, हे मान्य. 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच शब्द इंग्रजीत लोटले, त्यामुळे चांगलं इंग्रजी असलेल्याला अर्धं वाचन अंदाजाने जमतं. पण तुमची लेक कॉमर्सला आहे. बजेट, काँट्रॅक्ट, क्लायंट, खुद्द कॉमर्स हे शब्द तिला दोन्हीकडे भेटतील.

खरी अडचण कानाची आहे. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' यातली फ्रेंच क्रियापदं तीन तऱ्हांनी लिहितात आणि उच्चारतात एकच : 'पार्ल'. शेवटची अक्षरं मुकी. आपण 'बोलतोस' एवढंच म्हटलं तरी 'तू' कळतो, म्हणून आपली मुलं सवयीने सर्वनाम गाळतात. फ्रेंचमध्ये ते गाळलं की वाक्यच कोसळतं. आकड्यांचंही तसंच. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', पंच्याहत्तर म्हणजे 'साठ-पंधरा', सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-सतरा'. तिकडे फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. 'साठ' ऐकून पोरगी 6 लिहिते, तेवढ्यात 'पंधरा' येतं आणि 6 खोडून 7 करावा लागतो. तोवर पुढची जोडी निघून गेलेली असते.

इथे मराठी माध्यमाच्या मुलांची एक सवय नडते. प्रत्येक ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवायचा. पहिले काही आठवडे आधार वाटतो, मग तोच घात करतो. 'वर' आणि 'खाली' यांसाठीचे फ्रेंच शब्द देवनागरीत लिहून बघा, दोन्ही 'दसू' होतात. एकातला 'ऊ' आपला नेहमीचा. दुसऱ्यात ओठांचा चंबू 'ऊ'चा ठेवून आत जिभेने 'ई' म्हणायची असते. हा स्वर आपल्या लिपीत नाही, आणि कागदावरून कानात जाणार नाही. तेव्हा वहीत देवनागरी नको, हे तिला माझं नाव घेऊन सांगा.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने आहे. फ्रेंचमधले नाकातले स्वर पुण्या-मुंबईच्या मुलांना जड जातात. अनुस्वार दिसला की ती 'न' किंवा 'म' उच्चारतात. घरात मालवणी असेल तर 'खंय' म्हणताना स्वर नाकात कसा जातो ते तिला शिकवायला नको. पुण्यात राहून ती हे बोलायला लाजायला लागेल, तेवढं होऊ देऊ नका.

आता मैत्रिणींचं स्कोअरिंग. बारावीत फ्रेंचला चांगले मार्क पडतात, खोटं नाही. पण बोर्डाचा मुख्य भार लेखी पेपरवर आहे. ठराविक उतारे, व्याकरणाच्या रिकाम्या जागा, भाषांतर. तयारी केली की मार्क येतात. नव्वदच्या वर मार्क घेतलेली मुलं माझ्यासमोर बसतात आणि 'सुट्टीत काय केलंस?' एवढं फ्रेंचमध्ये विचारलं की गप्प होतात. मार्कांसाठी घ्यायचं तर खुशाल घ्या. फक्त त्याला करिअर म्हणू नका.

करिअरचं फ्रेंच लेव्हलवर मोजतात : ए1, ए2, बी1, बी2 आणि वर सी1, सी2. नोकरीसाठी विचारतात ती साधारण बी2. तिथवर पोचायला सुमारे 560 ते 650 तासांचं शिक्षण धरतात, घरचा अभ्यास वेगळा. आठवड्याला सहा तासांचा क्लास, एकही आठवडा न बुडवता, तरी दोन वर्षं. मधे बारावी आली म्हणजे तीन धरा. डेल्फ ही फ्रेंच सरकारची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी 25 गुणांचं. पास व्हायला एकूण 50 लागतात आणि एकाही भागात 5 च्या खाली जाऊन चालत नाही. म्हणजे लिहून तारून नेण्याची आपली युक्ती इथे पुरत नाही. प्रमाणपत्राला मुदत नसते, हा फायदा.

कॅनडासाठी टेफ किंवा टीसीएफ ही वेगळी फ्रेंच परीक्षा लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं चालतो. 2023 पासून तिथे फ्रेंच येणाऱ्या अर्जदारांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या, मामेभाऊ म्हणतो ते त्यावरूनच. पण त्यालाही चारही कौशल्यांत साधारण बी2 च्या आसपास लागतं. तुमची मुलगी सोळा वर्षांची. पदवी, मग नोकरीचा अनुभव. तिचा अर्ज जाईपर्यंत तिथले नियम कितीदा बदललेले असतील! अकरावीचा विषय त्यावर ठरवू नये.

मग उपयोग काय? नुसत्या फ्रेंचचा बेताचाच. साध्या भाषांतराचं काम आता यंत्र करतं, माणूस तपासतो. शिकवायचं असेल तर बीए-एमए करावं लागेल. पण बीकॉम आणि बी2 ही जोडी चांगली. फ्रान्समधल्या ग्राहकांची बिलं, हिशेब, तक्रारी सांभाळणारी ऑफिसं पुणे, मुंबई, बंगळूरला आहेत. आपल्या औषध कंपन्या पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंचभाषक देशांना माल पाठवतात. तिथला कागदोपत्री व्यवहार फ्रेंचमध्ये चालतो.

तेव्हा माझं मत : घेऊ द्या, पण कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचारा. पहिली, वर्ग अगदी 'बोंजूर'पासून सुरू होतो का? शाळेत फ्रेंच केलेली मुलं त्याच वर्गात असतील तर पहिले तीन महिने तिला जड जातील. दुसरी, मॅडम वर्गात फ्रेंच बोलतात की सगळं इंग्रजीतून समजावतात? उत्तर दुसरं असेल तर बाहेरचा क्लास लागेल. पुण्यात आलियाँस फ्राँसेझ आहे, विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. फी आणि वेळा मावशींना चौकशी करायला सांगा. तो खर्च आता परवडत नसेल तर अकरावीला मराठीच घेऊ द्या आणि फ्रेंच बारावीनंतर सुरू करा. अठराव्या वर्षी उशीर होत नाही.

फॉर्म भरायच्या आधी आठवडाभर तिला रोज वीस मिनिटं टीव्ही5 मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावरचे ए1 चे व्हिडिओ बघू द्या, फुकट आहेत. खालचा मजकूर झाकून, नुसतं ऐकून, ऐकलेलं मोठ्याने म्हणायचं. आठव्या दिवशी स्वतःहून लावून बसली तर फॉर्मवर सही करा.