अंगात पाणी साठून पाय सुजतात, नैसर्गिकरीत्या कमी करायला काय खावं-प्यावं?

काय प्यावं हे सगळे विचारतात, काय सोडावं हे कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारलं नाही. म्हणून लिहायला बसले, कारण आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही.

सासूबाईंचं आयुष्य बेळगावच्या वडगावात कापड विणायच्या मागासमोर उभं राहण्यात गेलं. संध्याकाळी पाय इतके सुजायचे की चपलेच्या पट्ट्याचा वळ झोपेपर्यंत दिसायचा. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. निपाणीहून वन्सं आल्या त्या जवाची पिशवी घेऊनच. मूठभर जव तांब्याभर पाण्यात उकळायचे, गाळायचे, लिंबू पिळून द्यायचं. मी दिलं की, रोज दिलं. पण त्याच वेळी ताटात तळलेली सांडगी मिरची, उडदाचा पापड, लिंबाच्या लोणच्याची फोड, आणि चार वाजता चहाबरोबर भडंग. मी म्हटलं, "वन्सं, आधी लोणच्याची बरणी माळ्यावर टाकूया." तर म्हणे, "वैनी, म्हातारीच्या तोंडाला चव नको काय? सैंधव घाला की, त्यानं काय होत नाही."

सैंधव म्हणजे मीठच, हो. रंग गुलाबी असला म्हणून सोडियम कुठं जात नाही. पापडखारात सोडियम, खायच्या सोड्यातही सोडियम. ते रक्तात वाढलं की शरीर त्याच्या हिशेबानं पाणी धरून ठेवतं. मग एका हातानं भरायचं आणि दुसऱ्या हातानं उपसायचं, असला उद्योग. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, आमटी-भाजी-लोणचं सगळं धरून. आपल्याकडं तेवढं खर्डा आणि पापडातच संपत असेल.

वन्सं परत गेल्या आणि मी बरणी वर टाकली. सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं, तर त्यांनी पहिल्यांदा बीपीची गोळी बघितली. अॅम्लोडिपिन. त्या गोळीनं बऱ्याच जणांचे घोटे सुजतात. त्यांनी ती बदलून दिली आणि सूज उतरली. आता प्रत्येक हळदीकुंकवात वन्सं सांगतात, "जवानं आईचे पाय उतरले." जवानं! पिशवीतले अर्धे जव तर तसेच शिल्लक होते.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर जव, धण्याचं पाणी, काकडी, दुधी, कलिंगड खुशाल घ्या, थोडी लघवी जास्त होईल इतकंच. चहा-कॉफीनंही होते. त्यापेक्षा शहाळं, केळं, पालेभाजी, मूग, हुलग्याचं माडगं बरं. यात पोटॅशियम असतं आणि त्यानं जादा सोडियम लघवीवाटे बाहेर पडायला मदत होते. माडग्यात मीठ बेतानं, ताक बिनमिठाचं. पाणी पिणं मात्र स्वतःच्या मनानं तोडू नका. दिवसभर उभं राहायचं काम असेल तर मधे मधे चाला आणि रात्री पाय उशीवर ठेवा, याला पैसे पडत नाहीत.

हे आधीच लिहायला हवं होतं: मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन असल्या बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर शहाळं-केळ्यांचा मारा करू नका, रक्तात पोटॅशियम चढतं. बाजारातलं कमी सोडियमचं मीठही त्यांना चालत नाही, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेत असाल तर त्यांनीही पाणी धरतं, तेही डॉक्टरांना सांगा. बीपीची गोळी आपणहून बंद करायची नाही. एकच पाय सुजून दुखतोय, आडवं झालं की दम लागतोय, लघवीला फेस येतोय, किंवा घरात गरोदर बाई आहे आणि तिच्या तोंडावर सूज आलीय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथं रक्त-लघवी तपासून घ्या. जव काय, रविवार पेठेत कधीही मिळतात.