पाळणाघरात नव्याने लागलेल्या ताईंसाठी: उन्हाळा आणि बाळाचं दूध

ताई, सगळ्यात आधी दुधाकडे लक्ष द्या. आईने काढून दिलेलं दूध २५ अंशांना साधारण ४ तास टिकतं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा हिशेब चालत नाही. बाटली हातात आली की नाव आणि वेळ लिहून थेट फ्रिजमध्ये ठेवा, तीही आतल्या बाजूला. दारात सारखी गरम हवा लागते. पाजायच्या वेळी बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. मायक्रोवेव्ह अजिबात नको, त्यात दूध एकसारखं तापत नाही आणि एखादा घोट तोंड पोळवतो. वर साय दिसली म्हणजे दूध नासलं असं नाही. बाटली हलकेच गोल फिरवा, मिसळेल. मनगटावर थेंब टाकून बघा. उष्टं दूध २ तासांनंतर ओतून द्या, कितीही जिवावर आलं तरी.

झोपवताना उताणंच. उशी नको, सोलापुरी चादरही पांघरू नका. तोंडावर सरकली तर बाळाला ती बाजूला करता येत नाही.

‘उन्हाचं दोन चमचे पाणी पाजा,’ असं घरची मंडळी सांगतील. ६ महिन्यांच्या आत पाणी नाही, दूधच जास्त वेळा पाजा. ६ तास लंगोट कोरडाच राहिला, तर आईला फोन करून बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यायला सांगा.