लिहून पोट भरेल का?

नदीवर, जंगलावर, पक्ष्यांवर लिहायचंय, पण त्यावर घर चालेल का? बडोद्यात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या तरुणांकडून हा प्रश्न हल्ली वारंवार ऐकते. त्यातल्या एकाची गोष्ट, त्याच्या परवानगीने आणि ओळख लपवून.

दांडिया बाजारात वाढलेला, मकरपुऱ्यातल्या कारखान्यात हिशेब सांभाळणारा मुलगा. झोप उडालेली, घरात अबोला.

"ताई, नोकरी सोडून वर्षभर हिमालयात भटकणार, लिहिणार. बाबा म्हणतात, लिहून कुणाचं पोट भरलंय?"

"आणि वर्षभरात नाही जमलं तर?"

"तर मी लेखकच नाही."

माझी घडण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झाली आहे: माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या त्याच्या हट्टी समजुती जास्त छळतात. वडिलांच्या टोमण्याने त्याची झोप उडाली नव्हती. इच्छेला त्याने स्वतःच जी अट घातली होती, तिने उडवली होती. पण हे सांगून पटत नाही, ज्याचं त्याला सापडावं लागतं. म्हणून एका भेटीत हिमालय बाजूला ठेवला आणि विचारलं, "या आठवड्यात बाहेर काय पाहिलंत?"

तो खुर्चीत पुढे सरकला. कामाटीबागेजवळच्या पुलावर त्याने स्कूटर थांबवली होती. खाली विश्वामित्रीच्या काठावर मगर तोंड वासून ऊन खात होती. "मादी याच काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, ताई. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. आणि गाळ काढायला जेसीबी उतरतो तोही उन्हाळ्यातच!" मग निविदा, घनमीटर, बिलं. तास कधी संपला ते कळलं नाही.

"हे कुठे लिहिलंत?"

"यात काय लिहायचं? हे तर रोजचंच."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मला हिमालय नकोच आहे का?"

"हवा असेल तर जरूर जा. पण लेखक असल्याचा दाखला आणायला जाऊ नका."

अशा वेळी माणसाचा चेहरा कसा सैलावतो, ते पाहण्यासाठी मी हे काम करते. लांबच्या स्वप्नाची परीक्षा होत नाही, म्हणून ते सोयीचं असतं. पुलाखालची नदी मात्र आजच कागद मागते.

तेव्हापासून मी सगळ्यांनाच सांगते, नोकरीला लेखनाची वैरीण समजू नका. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीतच जंगल वाचलं. एक जागा धरा, तिथे सगळ्या ऋतूंत जा. डभोईजवळचा वढवाणा तलाव 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हिवाळ्यात पक्ष्यांसाठी तिथे सगळेच जातात, तुम्ही मे महिन्यातही जा. सरकारी कागद वाचायला शिका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित लवादाचे आदेश सर्वांना खुले आहेत, माहिती अधिकारात साधारण 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. निविदेतले आकडे समजणारे निसर्गलेखक थोडेच. हिशेबनीस असणं हेच या मुलाचं बळ आहे. आणि निव्वळ लेखांवर घर चालत नाही, हेही स्पष्ट सांगते. अहवाल, भाषांतर, संपादन यांची जोड लागते.

आता तो शहरासाठी गुजरातीत छोटं लिहितो, मराठीत सविस्तर. नोकरी चालू आहे, झोप लागते. मानधन किती आणि कधी, हे लेख देण्याआधी विचारायला मात्र तो अजून कचरतो. सध्या आमचं त्यावर काम चाललंय.