पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा: तेल, जेली की क्रीम?

ऐरोलीहून एका वाचक ताईंनी लिहिलंय: “वय ४९. पाळी बंद होऊन १४ महिने झाले. संबंधाच्या वेळी खाली सोलल्यासारखं दुखतं, दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ. आता ठाण्यापर्यंत ट्रेनमध्ये नुसतं बसून गेले तरी चुरचुरतं. खोबरेल तेल लावलं, रोज इंटिमेट वॉशने धुते, केमिस्टने खाजेची ट्यूब दिली. चार महिन्यांत दोनदा युरिन इन्फेक्शनच्या गोळ्या झाल्या. मिस्टरांना वाटतं, मला आता ते नकोच झालंय. डॉक्टरांकडे मुलगी सोबत येते, तिच्यासमोर हे कसं बोलू?”

ताई, याचं कारण शरीरात आहे आणि त्यावर चांगला उपाय आहे. योनीच्या आतलं अस्तर इस्ट्रोजेनमुळे जाड, ओलसर आणि ताणलं जाईल असं राहतं. पाळी जाताना ते हार्मोन खूपच कमी होतं आणि अस्तर पातळ पडतं. तिथले चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, अस्तरातल्या साखरेवर जगतात. ती घटली की तेही घटतात. एरवी ४.५ च्या आत राहणारा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) ५ च्या वर जातो आणि लघवीचं इन्फेक्शन करणारे जंतू तिथे ठाण मांडतात. मूत्रमार्गाचं तोंडही याच हार्मोनवर पोसलेलं असतं. म्हणजे तुमचा कोरडेपणा आणि वारंवारची जळजळ यांचं मूळ बहुधा एकच. अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र उपचार न केल्यास सहसा वाढतच जातो, म्हणून वाट पाहू नका.

आजपासून वॉश बंद. साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी, सुगंधी वाइप्स, सगळंच. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काहीही घालून धुवायचं नाही. ट्यूबही बंद करा आणि तिचं खोकं जपून ठेवा. खाजेच्या अशा अनेक ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधासोबत कडक स्टिरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण डॉक्टरांनी न पाहता लावत राहिलात तर आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते.

खोबरेल तेलाबद्दल एक गोष्ट तुमच्या वयामुळे सांगायलाच हवी. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीपासून २ वर्षं गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. तुमचे १४ महिनेच झालेत. कंडोम वापरत असाल, तर तेलाने त्याचा रबर कमकुवत होऊन तो फाटू शकतो.

आता कुठली वस्तू कशासाठी, ते नीट बघा, कारण दुकानात सगळंच ‘जेल’ म्हणून मिळतं. ल्युब्रिकंट फक्त संबंधाच्या वेळेसाठी. सुमारे एक चमचा, तुमच्या योनीमुखाशी आणि मिस्टरांनाही लावायचं. सुकलं की पुन्हा घ्यायचं. पाण्याचा आधार असलेलं लवकर सुकतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं, आणि कंडोमला दोन्ही चालतात. घटकांच्या यादीत ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल अगदी वर असेल तर टाळा. त्यांचं प्रमाण जास्त असलं की ते पेशींतलं पाणी ओढून घेतात आणि आग वाढते. ‘वॉर्मिंग’ किंवा फ्लेवरवालं तर नकोच.

मॉइश्चरायझर वेगळं. ते आठवड्यातून २-३ रात्री आत लावायचं, संबंध असोत वा नसोत. ट्रेनमध्ये बसल्यावर होणारी चुरचुर याने कमी होते. ल्युब्रिकंटने होणार नाही.

पण अस्तर मुळातून सुधारतं ते योनीत लावायच्या इस्ट्रोजेनने, आणि तुमचा त्रास त्या टप्प्यावर आलाय असं पत्रावरून वाटतं. डॉक्टर बहुधा इस्ट्रिऑलची (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम देतील. नेहमीची पद्धत: पहिले २-३ आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम, मग आठवड्यातून दोनदा. ॲप्लिकेटर खुणेपर्यंतच भरायचा, आडवं पडून गुडघे दुमडायचे आणि टोक पाठीच्या कण्याकडे झुकवून हलकेच आत न्यायचं. नळी टोचत असेल तर सुरुवातीला तितकीच क्रीम बोटाने लावता येते का, ते विचारून घ्या. नंतर ॲप्लिकेटर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, उकळू नका.

इथे बायका दोन ठिकाणी चुकतात. पहिल्या आठवड्यात थोडी चुरचुर होते, म्हणून सोडून देतात. किंवा तीन महिन्यांनी छान वाटलं की थांबतात आणि सगळं परत येतं. फरक काही आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण फायद्याला ८-१२ आठवडे द्या. वारंवारचं युरिन इन्फेक्शनही यानेच कमी होतं. खोक्यातल्या कागदावर कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या वाचून घाबरायला होतं. ते इशारे मुख्यतः पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांवरून आलेले आहेत. क्रीममधून रक्तात फार थोडं जातं. मात्र स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायची नाही. आणि क्रीम ल्युब्रिकंट म्हणून संबंधाआधी लावू नका, ती मिस्टरांच्या अंगात जाते.

पुढच्या वेळी लघवीला जळजळ झाली तर अँटिबायोटिकच्या आधी युरिन कल्चर (लघवीत खरंच जंतू आहेत का, ते बघणारी तपासणी) करा. सोललेल्या कातडीवरून लघवी गेली तरी आग होते, त्याला इन्फेक्शन लागत नाही. शुगरही तपासून घ्या.

मिस्टरांना पहिलं वाक्य एवढंच सांगा: “मला नकोसं नाही, मला दुखतं.” बरं वाटेपर्यंत आत प्रवेश नको, जवळीक चालू दे. दुखण्याच्या भीतीने खालचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि त्याने आणखी दुखतं. क्रीमनंतरही आवळणं राहिलं तर पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे याच खालच्या स्नायूंची, फिजिओथेरपी असते.

पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो कोरडेपणावर ढकलायचा नाही. लगेच तपासणी आणि सोनोग्राफी. पांढरे चट्टे, सतत खाज, वास येणारं पाणी, हेही दाखवाच.

तुमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर उत्तम, नाहीतर वाशीच्या महापालिका रुग्णालयाची ओपीडी आहे. मुलीला बाहेर थांबायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कागदावर लिहून न्या: “पाळी जाऊन १४ महिने. योनीत कोरडेपणा, संबंधात दुखतं, चार महिन्यांत दोनदा युरिन इन्फेक्शन. लोकल इस्ट्रोजेन चालेल का?” ट्यूबचं खोकं आणि चालू गोळ्यांची यादी सोबत असू द्या, सर्दी-ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा येतो. तपासताना दुखेल अशी भीती वाटत असेल तर लहान स्पेक्युलम (योनीत घालून आत बघायचं साधन) वापरायला सांगा. तो त्यांच्याकडे असतो.