पोरी, आधी गुडघा दाखव

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नीटच्या क्लाससाठी लातूरला गेलीस आणि हॉकी स्टिक माळ्यावर टाकलीस. ‘सर, दोन्ही कसं होणार?’ असं विचारतेस. डॉ. वेस पेस यांचं नाव तू टेनिसपटू लिएंडरचे वडील म्हणून ऐकलं असशील. ते भारताच्या हॉकी संघात मधल्या फळीत खेळायचे. 1971 चा बार्सिलोनाचा विश्वचषक आणि 1972 चं म्युनिक ऑलिंपिक, दोन्हीकडे कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात ते होते. पुढे ते खेळाडूंचे डॉक्टर झाले, क्रिकेट मंडळाच्या डोपिंगविरोधी कामातही त्यांनी हातभार लावला. 2025 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात ते गेले, त्या दिवशी घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं मला. तर दोन्ही होतं. एमबीबीएसनंतर स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एमडी करता येतं, ते पुढचं पुढे.

माझा जीव अडकला तो तुझ्या शेवटच्या ओळीत. वळताना गुडघा ‘निसटतो’, असं जाता जाता लिहिलंस. पडलीस तेव्हा आतून ‘कट्’ असा आवाज आला होता का? दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला होता का? तसं असेल तर लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्याची शंका घ्यायलाच हवी. तेल चोळून ते जुळत नाही. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, त्यात तुझी चूक नाही. ऑपरेशन करावं लागलं तर सामना खेळायला किमान नऊ महिने थांबायचं. सहाव्या महिन्यात पाय चांगला वाटू लागतो, आणि घात तिथेच होतो.

तुझ्या वयाचा असताना मी सेमीफायनलच्या सकाळी सुजलेल्या घोट्यात इंजेक्शन घेतलं होतं. दुखायचं थांबलं, म्हणून पूर्ण वेळ पळालो. थांब म्हणून सांगणारी वेदनाच मी झोपवली होती. आजही दौलताबादचा किल्ला चढताना तो पाय मागे राहतो. म्हणून एखादं पोरगं ‘सर, एवढी मॅच खेळू द्या’ म्हणतं, तेव्हा ‘नाही’ म्हणताना माझा आवाज हलत नाही. तुलाही हे एक दिवस म्हणावं लागेल.

इंजेक्शनवरून आठवलं. आपल्याकडे अंगदुखीला, सर्दी-तापाला सर्रास डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, टोचतात. 2022 पासून स्पर्धेच्या काळात ते शरीरात कुठेही टोचलं तरी डोपिंगमध्ये मोडतं. नांदेडच्या गोल्ड-सिल्व्हर कप हॉकी स्पर्धेला निघालेल्या पोरांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे उतरतात. दवाखान्यात गेलीस की आधी ‘मी खेळाडू आहे’ असं सांगत जा.

या रविवारी क्लास बुडव. संभाजीनगरला ये, आईला सोबत आण. एमआरआय काढायचा की नाही ते गुडघा हाताने तपासून ठरवू. तोवर जिना उतरताना कठडा धर. आणि माळ्यावरची स्टिक खाली काढून ठेव, तिची ग्रिप वाळून फुटते.

तुझे सर